फिशन आणि हेवी आयन फ्युजनचा कच्चा हिशोब कागदावर कसा करायचा

फिशन म्हणजे जड न्यूक्लियस (अणूचा गाभा) फुटणं, हेवी आयन फ्युजन म्हणजे दोन न्यूक्लियस एकमेकांवर आपटून एक करणं. दोन्हीकडे कामाला येणारा फॉर्म्युला एकच आहे, दोन न्यूक्लियस विजेच्या चार्जमुळे एकमेकांना ढकलतात त्या ढकलाची एनर्जी तो देतो: १.४४ गुणिले दोन्ही न्यूक्लियसचे प्रोटॉन, भागिले त्यांच्या सेंटरमधलं अंतर. अंतर फेम्टोमीटरमध्ये (न्यूक्लियसच्या मापाचं एकक) टाकलं की उत्तर एमईव्हीत (मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट, एनर्जीचं एकक) येतं.

आधी फिशन घ्या, ते सोपंय. युरेनियम-२३५ मध्ये न्यूट्रॉन घुसला की कधी कधी बेरियम-१४१, क्रिप्टॉन-९२ आणि तीन न्यूट्रॉन असे तुकडे पडतात. मास टेबलमधून दोन्ही बाजूंची वजाबाकी करा, फरक ०.१८६ यू (अणूच्या वस्तुमानाचं एकक) येतो, त्याला ९३१.५ ने गुणलं की मिळणारी एनर्जी १७३ एमईव्ही. (सगळीकडे २०० लिहिलेलं असतं ते तुकड्यांचे पुढचे बीटा डिके (न्यूट्रॉनचा प्रोटॉन होणं) धरून.) आता वरचा फॉर्म्युला लावा, प्रोटॉन ५६ आणि ३६. दोन गोल तुकडे एकमेकांना टेकलेत असं धरलं तर अंतर (दोन्ही मास नंबरच्या, म्हणजे नावापुढच्या आकड्यांच्या, घनमुळांची बेरीज गुणिले १.२) ११.७ आणि उत्तर २४९, म्हणजे मिळणाऱ्या एनर्जीपेक्षाच जास्त, हे कसं चालेल? अंतर १७ धरा, मग १७१ येतं आणि जमतं, कारण तुटायच्या वेळी न्यूक्लियस चांगलंच लांब ताणलेलं असतं.

फ्युजनला हाच ढकलाचा डोंगर, म्हणजे बॅरियर, उलट्या बाजूने चढायचा. कॅल्शियम-४८ चा बीम लेड-२०८ वर मारायचाय समजा. अंतरासाठी दोन्ही मास नंबरची घनमुळं काढून बेरीज करा आणि १.४ ने गुणा, १.२ ने नको, कारण न्यूक्लियर ओढ पृष्ठभाग टेकायच्या आधीच सुरू होते. येतं १३.४, म्हणजे बॅरियर साधारण १७६. पण ही झाली सेंटर ऑफ मासमधली, म्हणजे दोघांच्या एकमेकांकडे येण्याची एनर्जी, बीमची हवी असेल तर २५६/२०८ ने (दोघांचा मिळून मास नंबर भागिले लेडचा) गुणायचं, साधारण २१७ एमईव्ही. ही पायरी बरेच जण विसरतात आणि मग उत्तर का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

शेवटी क्यू व्हॅल्यू (रिअॅक्शनमध्ये सुटणारी एनर्जी, उणे असेल तर खर्ची पडणारी) बघा, इथे ती उणे १५४ च्या आसपास आहे, म्हणजे बॅरियर चढायला घातलेल्या १७६ पैकी जेमतेम २२-२३ एमईव्ही नवीन नोबेलियम-२५६ मध्ये उष्णता म्हणून उरते. तेवढ्यात दोन न्यूट्रॉन उडून नोबेलियम-२५४ मिळू शकतं, तेही वाचलं तर, कारण बरेचसे त्याआधीच फिशन होऊन जातात. आणि बॅरियर ओलांडला म्हणजे फ्युजन झालंच असंही धरू नका, कधी दोघं जरा वेळ चिकटतात, बरेच न्यूक्लिऑन (प्रोटॉन-न्यूट्रॉन) इकडेतिकडे करतात आणि सुटतात, त्याला क्वासीफिशन म्हणतात आणि ते या फॉर्म्युल्यात कुठेच दिसत नाही.