अमेरिकेचं विमान पकडताना या चुका टाळा

मुलगा-सून न्यूयॉर्ककडे असलेली घरं आता जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली आहेत. तिकिटं तपासायला लोक माझ्याकडे येतात आणि चुका दरवेळी त्याच निघतात.

सगळ्यात महागात पडते ती मध्यरात्रीची तारीख. परदेशी जाणारी बरीच विमानं मुंबईहून रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १२ मे, ००:५५ लिहिलं असेल तर ११ तारखेलाच घर सोडायचं. अमळनेरकडचं एक जोडपं पहिल्यांदाच नातवाला बघायला निघालं होतं. बिबडे, कळण्याचं पीठ, ठेचा, सगळं वजन करून बांधलेलं. १२ तारखेला दुपारी गाडी करून निघाले आणि रात्री नऊला टर्मिनलच्या दारात उभे. जवानाने तिकीट पाहिलं आणि परत हातात दिलं. भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "आप्पा, ते इमान काल रातलेच गयं." काकू ट्रॉलीचा दांडा धरून तशाच उभ्या राहिल्या. नव्या तिकिटांत त्या वर्षीच्या कापसाचे पैसे गेले. तिकीट काढणाऱ्या मुलाने एक वाक्य नीट सांगितलं असतं तर हे टळलं असतं, याचा मला अजून राग येतो. मी आता कॅलेंडरवर तारीख लिहून देतच नाही. 'रविवारची रात्र संपून सोमवार लागताना' असं लिहून देतो.

दुसरी चूक वजाबाकीची. दीडला सुटतं, साडेसातला पोचतं, म्हणजे सहा तास! अहो, मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. सहा तासांत ते कसं कापणार? तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणून खरा प्रवास साडेपंधरा तासांचा. येताना उलट: तिथून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई, दिसायला साडेतेवीस तास, प्रत्यक्षात चौदा. परतीला पश्चिमेकडून येणारे वरचे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे वेळ वाचतो. माझी सवय अशी की सगळ्या वेळा आधी भारतीय घड्याळात मांडायच्या, मगच बेरीज-वजाबाकी. बीपीच्या गोळ्यांचं वेळापत्रकही त्याच कागदावर.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, विमान उत्तरेकडे चढत युरोपवरून जातं.

स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तसंच, अमेरिकेत पहिल्या विमानतळावर साधारणपणे सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. तिथे दीड तासाची जोडणी घेणं मला मुळीच पटत नाही.

आणि जळगाव ते मुंबई हे चारशेवर किलोमीटरही प्रवासातच धरा. पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडकली की तास कसे जातात ते आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. घाईची तरुण मंडळी 'सहा तासांत पोचू' म्हणतात. मी ज्येष्ठांना आदल्या दिवशीच ठाण्या-कल्याणच्या नातेवाइकांकडे पाठवतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हापासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत फरक साडेदहा तासांचा धरा.