एजन्सीमार्फत आखातात डॉक्टर म्हणून जाताय? डेटाफ्लोचा फॉर्म स्वतः भरा

महिन्यातून एकदा तरी एखाद्या ज्युनिअरचा फोन येतो. "मॅडम, एजन्सीवाले म्हणतात तुम्ही फक्त कागद पाठवा, बाकीचं आम्ही बघतो." मी एकच विचारते, डेटाफ्लोचं, म्हणजे तुमचे कागद पडताळणाऱ्या कंपनीकडचं, खातं कुणाच्या ई-मेलवर काढलंय? मग पलीकडे जरा वेळ शांतता. नंतर हळूच, "त्यांच्याच असेल बहुतेक."

मी अंबाजोगाईच्या सरकारी कॉलेजची एमबीबीएस, पुढे स्त्रीरोगशास्त्रात एमडी. आधी सौदी, मग ओमान. मधल्या वर्षांत बीड, लातूर, नांदेड, परभणीकडच्या वीसेक डॉक्टरांचे कागद माझ्या जेवणाच्या टेबलावर लावून झाले. पासपोर्ट काढा, बायोडाटा लिहा, सगळं स्कॅन करून ठेवा, हे मी सांगत बसणार नाही. पदवीनंतरची शासनाची बंधपत्राची (बाँडची) सेवा उरली असेल तर आधी ती निस्तरा. आणि हे सगळं आखातापुरतं आहे. इंग्लंडला जायचं तर प्लॅबसारखी तिथली परीक्षा तुम्हालाच पास व्हावी लागते, आणि तिथल्या भरतीच्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेता येत नाहीत. कुणी मागितले तर फोन ठेवून द्या.

एजन्सी खरी की खोटी

याला दहा मिनिटं लागतात, तरी लोक करत नाहीत. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजन्सीचं नाव टाका. परवाना चालू आहे का, निलंबित आहे का, पत्ता कुठला आहे, सगळं दिसतं. नाव आणि पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत. आपल्याकडे बसस्टँडसमोर एका खोलीत टेबल टाकून बसलेला माणूस सांगतो की मेन ऑफिस मुंबईला आहे. तो सब-एजंट असतो आणि सब-एजंट ठेवणं कायद्यात बसत नाही. तुमची ओळख आहे, तुमच्या गावचा आहे, मामाच्या पाहुण्यातला आहे, याने काही फरक पडत नाही.

एजन्सीला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये, त्यावर जीएसटी. पावती घ्यायची. "डॉक्टरांचं पॅकेज वेगळं असतं" असं सांगून दोन-अडीच लाख मागणारे मला भेटलेत. वेगळं काही नसतं. परीक्षा, पडताळणी आणि मेडिकलची फी ही त्या त्या संस्थांची असते आणि ती तुम्ही तुमच्या कार्डाने भरू शकता.

पैसे देण्याआधी आणखी एक करा. गावातच छातीचा एक्स-रे काढून बघा. लहानपणी होऊन गेलेल्या टीबीचा बरा झालेला डागसुद्धा आखाताच्या मेडिकलमध्ये "अनफिट" करतो. क्लिनिकली त्याला अर्थ नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तिथे वाद चालत नाही. हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्याही त्याच दिवशी करून टाका.

डेटाफ्लो: सगळे इथेच अडकतात

सौदी असो की दुबई, तिथली लायसन्स देणारी संस्था तुमच्या कागदांवर विश्वास ठेवत नाही. डेटाफ्लो नावाची कंपनी तुमचा प्रत्येक कागद ज्याने दिला त्याच्याकडे पाठवून विचारते, हा तुम्हीच दिलाय का? विद्यापीठाला विचारते, मेडिकल कौन्सिलला विचारते, जुन्या नोकरीच्या जागी विचारते. उत्तर आलं आणि जुळलं तर पॉझिटिव्ह. नाही जुळलं तर डिस्क्रेपन्सी, म्हणजे तफावत. उत्तरच आलं नाही तर "पडताळता आलं नाही". प्रोमेट्रिकची, म्हणजे लायसन्ससाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची, भीती सगळ्यांना असते. पीजीची एंट्रन्स दिलेल्या माणसाला ती महिन्या-दोन महिन्यांच्या अभ्यासात निघते. घाबरायचं तर या पडताळणीला घाबरा.

माझं काय झालं ते सांगते. २०१३ साली मुंबईतल्या एका एजन्सीने, परवानाधारक बरं का, माझा फॉर्म भरला. खातं त्यांच्या ई-मेलवर, पासवर्ड त्यांच्याकडे. मला फक्त सही करायला कागद आले आणि मी ओपीडीतल्या गर्दीत सह्या करून दिल्या. मला लागणारा अनुभव एमडीनंतरचा होता आणि तो पुरेसा होता. पण फाईल वजनदार दिसावी म्हणून त्यांनी इंटर्नशिपनंतरची प्राथमिक आरोग्य केंद्रातली नोकरीही घातली. ती नोकरी होती अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांची, प्रत्येक आदेशानंतर खंड. ज्यांनी जिल्हा परिषदेत कंत्राटी काम केलंय त्यांना हा प्रकार पाठ आहे. एजन्सीच्या पोराने पहिल्या आदेशाची पहिली तारीख आणि शेवटच्या आदेशाची शेवटची तारीख घेतली आणि मधलं सगळं सलग करून टाकलं. जिल्हा परिषदेने विचारल्यावर खरं ते कळवलं. रिपोर्टवर तफावत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मला त्या अनुभवाची गरजच नव्हती.

पुढचे सात महिने खुलासे पाठवण्यात गेले. वरातीमागून घोडं. मुलाखतीत मिळालेली जागा गेली. मला ई-मेल येत नव्हते, कारण ते एजन्सीला येत होते, आणि एजन्सीचा तो पोरगा नोकरी सोडून गेला होता. "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" एवढंच उत्तर. आणि हा रिपोर्ट एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे नेता येतो, तसा त्यातला डागही सोबत जातो. ओमानच्या वेळी मला याच तफावतीचा खुलासा पुन्हा लिहावा लागला.

म्हणून माझं म्हणणं, आपला हात जगन्नाथ. खातं तुमच्या ई-मेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर. एजन्सी म्हणाली की आम्हाला लॉगिन लागतं, तर रिपोर्टची पीडीएफ पाठवा. तेवढं त्यांना पुरतं.

अनुभव लागतो तेवढाच घाला. प्रत्येक कागदाच्या पडताळणीचे पैसे लागतात आणि प्रत्येक कागद चुकायची एक जागा असते. खंडित नेमणुका असतील तर त्या खंडित म्हणूनच, वेगवेगळ्या तारखांनी भरा. बावीस महिन्यांची दोन वर्षं करू नका. "सगळेच करतात" हे वाक्य मी सहा वेळा तरी ऐकलंय. त्यातल्या दोघांना पुढे सौदीचा फॉर्मसुद्धा भरता आला नाही.

आता सरकारी अनुभव प्रमाणपत्राबद्दल, कारण मराठवाड्यातल्या निम्म्या डॉक्टरांचं घोडं इथेच अडतं. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम झालं असं समजू नका. चार महिन्यांनी कुठल्यातरी परदेशी कंपनीचा इंग्रजी ई-मेल कार्यालयात येतो आणि तो कुणी उघडत नाही, उघडला तर फसवणूक समजून पुसून टाकतात. त्यात त्या टेबलाचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. म्हणून फॉर्म भरायच्या आधी स्वतः जा. प्रमाणपत्रावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का बघा. आस्थापना शाखेत ज्या टेबलावरून ते निघालं तिथे एक प्रत ठेवा आणि सांगा की या नावाच्या कंपनीचा मेल येणार आहे, तो खरा आहे. कार्यालयाचा ई-मेल कुठला विचारा, आणि तो सरकारी आहे का ते बघा. जीमेलवरून आलेलं उत्तर पडताळणीत कच्चं धरलं जाण्याची भीती असते. त्यानंतर दर आठवड्याला फोन. लाज वाटून घेऊ नका, मीही केलेत, साहेबांच्या पोराच्या बारशाचे पेढे खाऊन केलेत.

खासगी नर्सिंग होमचा अनुभव असेल तर त्या हॉस्पिटलची नर्सिंग होम नोंदणी तेव्हा चालू होती का ते आधी विचारा, आणि पगार बँकेतून आला असेल तर ते उतारे जपून ठेवा. स्वतःच्या दवाखान्याचा अनुभव सिद्ध करणं सगळ्यात अवघड. ज्यांना पाच वर्षांनी जायचंय त्यांनी आतापासून कुणाच्या तरी पगारपत्रकावर असावं, हे माझं स्पष्ट मत.

पदवी कुणी दिली हेही नीट लिहा. माझी एमबीबीएस डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची, एमडी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. नाशिकचं विद्यापीठच १९९८ चं, तेव्हा माझ्या पिढीत असं दोन विद्यापीठांचं असणं साहजिक. एजन्सीने दोन्हीकडे नाशिक टाकलं होतं. गावांची आणि कॉलेजांची नावंही बदललीत. प्रमाणपत्रावर औरंगाबाद छापलंय तर फॉर्ममध्ये औरंगाबादच. आज छत्रपती संभाजीनगर आहे म्हणून हाताने दुरुस्ती करू नका. कॉलेजचं नाव बदललं असेल तर कॉलेजकडून तसं एक पत्र घेऊन सोबत जोडा.

नावाचं लफडं, विशेषतः बायकांसाठी

आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, कुठे आईचंही. पासपोर्टवर वेगळा क्रम. हे एवढं चालतं, त्याला "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र पुरतं. लग्नानंतर नाव बदललेल्यांची गोष्ट वेगळी. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मधेच कुठेतरी. क्रम असा ठेवा: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, राजपत्रात नावाची जाहिरात, मग कौन्सिलमध्ये नाव बदल, आणि त्यानंतरच गुड स्टँडिंगचा, म्हणजे तुमच्यावर कारवाई नाही या कौन्सिलच्या दाखल्याचा, अर्ज. मी गुड स्टँडिंग आधी काढलं, ते माहेरच्या नावाने आलं आणि परत गेलं. ते साधारण सहा महिन्यांपर्यंतचंच ताजं धरतात, तेव्हा उगाच लवकर काढूनही उपयोग नाही.

कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्याला वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. पॉइंट कमी निघाले की सगळं तिथेच थांबतं. आजच मोजा.

अजून लग्न व्हायचंय अशा मुलींना माझा सल्ला ऐकायचा असेल तर, नाव बदलूच नका. सासूबाईंशी त्यावर माझी जी चर्चा झाली ती इथे लिहीत नाही.

करार

सौदीच्या करारात इंग्रजी आणि अरबी मजकूर शेजारी-शेजारी असतो, आणि वाद झाला तर अरबी ग्राह्य धरतात. अरबी बाजू कुणाकडून तरी वाचून घ्या. एकूण पगार बघू नका, मूळ पगार किती आणि भत्ते किती ते वेगळं विचारा. शिफ्टनंतरचे ऑन-कॉल महिन्याला किती, ते लिहून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, ड्युटीचं ठिकाण. मुलाखतीत "रियाधजवळ" म्हणतात. नजरान किंवा जाझान हाती आलं तर ते येमेनच्या सीमेवर आहे, आणि तुम्ही नकाशा बघितला नसेल तर तो दोष तुमचा. मला स्वतःला लहान गावातली पोस्टिंग आवडली. आरोग्य केंद्रात काम केलेल्या माणसाला तिथे काही नवीन वाटत नाही, खर्चही कमी. पण नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी हवी असेल, मुलांना भारतीय शाळा हवी असेल, तर मोठं शहर करारातच लिहून घ्या.

उरलेलं

पदवीवर शिक्के. सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मानतं, ओमान त्याच्याही आधीपासून. दुबई, कतार, कुवेतसाठी अजून दूतावासाचा शिक्का लागतो. मूळ कागद या एकाच कामासाठी हातातून सोडायचे, तेही पावती घेऊन. एजन्सीला "फाईलला लावायला" मूळ पदवी कधीही द्यायची नाही.

मेडिकल वाफिदने, म्हणजे आखाती देशांच्या मेडिकल नोंदणीच्या यंत्रणेने, नेमून दिलेल्या केंद्रातच होतं. व्हिसाचं काम एजन्सीचं, त्यात डोकं घालू नका. त्यांना पैसे त्यासाठीच दिलेत.

मुंबईहून विमान असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. देवगिरी एक्स्प्रेसने उतरून त्याच सकाळचं विमान पकडायचा बेत मी एकदा केला होता. मूळ कागदांची फाईल हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. तिथे उतरल्यावर हॉस्पिटलचा माणूस इकाम्यासाठी, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, पासपोर्ट मागतो. काम झाल्यावर तो आठ-दहा दिवसांत परत मागून घ्या. "आमच्याकडेच राहू द्या" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा, सौदीत मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदा आहे. तरी नाही दिला, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक त्या माणसाला दाखवा. माझ्या एका ज्युनिअरने दाखवला. संध्याकाळी पासपोर्ट तिच्या खोलीवर आला.