जुन्या फोर-व्हील जीपचा डिझेल पंप बदलण्याआधी

खानापूरहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना जुनी डिझेल जीप चढावर दम टाकू लागली, की बहुतेक जण थेट पंपावर संशय घेतात. परंतु पंपाचा खर्च करण्यापूर्वी फिल्टर आणि टाकीकडून येणारी नळी नीट तपासावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागात डिझेल ओढले जात असल्यामुळे तेथील सैल क्लिप किंवा तडकलेली रबरी नळी डिझेलचा थेंबही न गळता आत हवा घेऊ शकते. तेथे तात्पुरती पारदर्शक नळी जोडली, तर धावणारे बुडबुडे स्पष्ट दिसतात.

फीड पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असल्यास तीही काढून पाहावी. माझ्या जीपमध्ये पावसाळ्यानंतर तिच्यावर गंजाचा तपकिरी, चिकट थर बसला होता, आणि ती धुतल्यावर नव्या पंपाची गरजच उरली नाही.

फिल्टर थंड इंजिनवरच बदलावा. जुने रबरी सील वर चिकटून राहिलेले नाही याची खात्री करावी आणि तांब्याचे वायसर नवेच घालावेत. मग आत अडकलेली हवा बाहेर सोडण्यासाठी असलेला ब्लीड स्क्रू थोडा सैल करून डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारत राहावे. आधी फेस येतो, नंतर बुडबुडे थांबून अखंड धार लागते, आणि ती धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. जोडांवर टेफ्लॉन टेप मात्र गुंडाळू नये, कारण तिचे तुकडे पंपात जाऊ शकतात.