मानवी तस्करीविरोधी धोरणासाठी तज्ज्ञ सल्लागार कसे नेमावेत: इंदूरच्या संस्थांसाठी

सल्लागार मंडळ नेमायचं म्हटलं की इंदुरात आधी नावांची यादी निघते. एक निवृत्त पोलीस अधिकारी, एक माजी न्यायाधीश, विद्यापीठातले एक प्राध्यापक, एखाद्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. यादी वजनदार दिसते, पहिल्या बैठकीत शाल-श्रीफळ होतं, आणि मसुदा तयार होतो तेव्हा त्यात या मंडळींचं एक वाक्यही सापडत नाही. दोष त्यांचा नसतो. त्यांना नेमकं काय विचारायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं.

आधी प्रश्न लिहा

"मानवी तस्करी थांबवणे" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. तीन ते पाच प्रश्न कागदावर उतरवा. प्रत्येकाचं उत्तर एखाद्या खात्याला अमलात आणता येईल असं हवं. उदाहरणार्थ: झाबुआ, अलीराजपूर, धारहून दिवाळीनंतर मजुरीला निघणाऱ्या टोळ्यांना मिळालेल्या उचलीची नोंद कुणी आणि कुठे ठेवावी? सरवटे किंवा गंगवाल बस स्थानकावर अनोळखी माणसाबरोबर बावरलेलं मूल दिसलं, तर कंडक्टरने १०९८ या बाल-मदतवाहिनीवर फोन केल्यानंतर रात्री अकराला तिथे कोण पोहोचणार? डेटा एन्ट्रीची नोकरी सांगून म्यानमार किंवा कंबोडियाला नेलेला आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीला जुंपलेला मुलगा परत आला, तर त्याला आरोपी धरायचं की पीडित?

या तीन प्रश्नांना तीन वेगळी माणसं लागतात. पहिल्याला मजुरी आणि वेठबिगारी जाणणारा, दुसऱ्याला बाल कल्याण समिती आणि वाहतूक दोन्ही पाहिलेला, तिसऱ्याला सायबर गुन्ह्यांबरोबरच परदेशी भरती करणाऱ्या एजंटांची नोंदणी समजणारा.

तस्करी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर फक्त देहव्यापार येतो, आणि मग सगळे सल्लागार त्याच क्षेत्रातले निघतात. कायदा तेवढा अरुंद नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (पूर्वीचं दंड संहितेचं ३७०) तीन गोष्टी पाहतं: माणसाला भरती केलं, नेलं, ठेवून घेतलं किंवा दुसऱ्याच्या हवाली केलं का, त्यासाठी धाक, जबरदस्ती, फसवणूक, आमिष किंवा सत्तेचा गैरवापर झाला का, आणि हेतू शोषणाचा होता का. पीडिताची संमती इथे गैरलागू आहे. वीटभट्टी, शेतमजुरी, घरकाम, भीक मागायला लावणं हे सगळं यात बसू शकतं. तुमचे प्रश्न या तिन्ही अंगांना शिवतात का, ते नावं काढण्याआधीच पाहून घ्या.

कायद्यात आधीच असलेली मंडळं

नवं मंडळ उभं करण्याआधी जुन्याची चौकशी करा. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ नुसार राज्य सरकार विशेष पोलीस अधिकाऱ्याला जोडून त्या भागातल्या जास्तीत जास्त पाच समाजकार्यकर्त्यांचं अशासकीय सल्लागार मंडळ देऊ शकतं, आणि शक्य तिथे त्यात स्त्रिया असाव्यात असंही म्हणतं. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात, योगायोगाने कलम १३ मध्येच, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. अनुसूचित जाती-जमातीच्या तीन स्थानिक व्यक्ती आणि दोन समाजकार्यकर्ते जिल्हाधिकारी नेमतात.

आपल्या जिल्ह्यात ही मंडळं आहेत का, सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. मंडळ जिवंत असेल तर त्यातला एक सदस्य तुमच्याकडे हवा. कागदावरच असेल, तर तेही धोरणात लिहिण्यासारखं आहे.

किती आणि कोण

सात कमी पडतात, अकरा झाले की बैठकीत चौघेच बोलतात. नऊ हा आकडा सोयीचा. त्यातल्या किमान तीन जागा तस्करीतून किंवा वेठबिगारीतून बाहेर आलेल्यांच्या असाव्यात. एकटी व्यक्ती कधीही बसवू नका. ती प्रदर्शनातली वस्तू होते. उरलेल्या सहांत फौजदारी खटले चालवलेला वकील, तपास केलेला पोलीस अधिकारी, कामगारांबरोबर गावात काम करणारा कार्यकर्ता, मानसोपचार किंवा समुपदेशनातली व्यक्ती, बाल संरक्षणातली व्यक्ती, आणि पैशाचा माग काढू शकणारी व्यक्ती, म्हणजे बँकेतली किंवा सायबर शाखेतली.

शेवटची जागा हमखास गाळली जाते. इंदुरातल्या मराठी घरांत बँकेतून निवृत्त झालेले लोक काही कमी नाहीत. संशयास्पद खात्यांची छाननी केलेला त्यातला एकजण शोधा, भाषणं देणाऱ्या चौघांचं काम तो करतो.

वकिलांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा. तस्करी आणि व्यावसायिक लैंगिक शोषणाच्या पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची योजना आहे. तिच्याखाली प्रत्यक्ष प्रकरणं हाताळलेले वकील आणि विधी स्वयंसेवक तिथे कळतात. इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क आणि महूचं आंबेडकर सामाजिक विज्ञान विद्यापीठ इथून क्षेत्रकार्य करणारे अध्यापक मिळतात. इंदूर स्टेशन पश्चिम रेल्वेच्या रतलाम मंडळात येतं, तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाशी पत्रव्यवहार रतलामला करावा लागतो. स्टेशनवर अर्ज देऊन वाट पाहण्यात महिना जातो. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांसाठी भिली-भिलाली बोलणारा कार्यकर्ता हवाच. दुभाष्या वेगळा घ्या, त्या कार्यकर्त्यालाच भाषांतराला बसवलं तर तो स्वतःचं मत कधी मांडणार?

मंदसौर, नीमच, रतलाम पट्ट्याचा प्रश्न घेत असाल तर बांछडा समाजातल्या, म्हणजे देहविक्रय परंपरेने चालत आल्याचं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं त्या समाजातल्या, स्त्रिया मंडळात असल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका समाजावर सरसकट शिक्का मारणारी शिफारस बाहेरच्यांच्या बैठकीत फार सहज लिहिली जाते. देहविक्रय आणि तस्करी एकच मानणारे आणि दोन्ही वेगळं मानणारे, अशा दोन्ही बाजूंची माणसं एका टेबलाशी बसवणं कटकटीचं असतं, पण टाळू नका. देहविक्रय करणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे आलेल्या बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नेमलेल्या समितीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटनाही सदस्य होती.

निवड: भाषण नको, प्रकरण द्या

बायोडाटा मागवा, पण निर्णय त्यावर घेऊ नका. उमेदवाराला अर्ध्या पानाचं काल्पनिक प्रकरण द्या आणि पाऊण तास बोला. समजा, असं: अलीराजपूरच्या पाच कुटुंबांनी मुकादमाकडून प्रत्येकी वीस हजारांची उचल घेतली आणि ती परराज्यातल्या वीटभट्टीवर गेली. चार महिन्यांनी एका बाईने भावाला फोन केला: हिशेब देत नाहीत, मुलगी आजारी आहे, जाऊ देत नाहीत. पहिल्या ४८ तासांत काय कराल?

"छापा घाला" एवढंच सांगणारा उमेदवार बाजूला ठेवा. कामाचा माणूस आधी उलट विचारतो: फोन कुणाचा होता आणि तो मालकाच्या हाती लागेल का? आधार कार्डं कुणाकडे आहेत? बाहेर जाताना कोण अडवतं? मग तो त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, मुलीचा दवाखाना, सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) याच क्रमाने बोलतो. हे प्रमाणपत्र तिथेच हातात पडलं नाही तर पुनर्वसनाची पुढची रक्कम अडकते. हे कुणी न विचारता ज्याच्या बोलण्यात येतं, त्याने काम केलेलं आहे.

त्यानंतर दोन ठिकाणी चौकशी करा, आणि त्यातली एक उमेदवाराच्या हाताखाली काम केलेल्या व्यक्तीकडे. वरच्या लोकांशी सगळेच गोड बोलतात. निवारागृहाला भेटी द्यायच्या असतील तर पोलीस पडताळणी करून घ्या. बाहेर आलेल्या सदस्यांची मात्र त्यांच्या गावच्या ठाण्यातून पडताळणी करू नका. शिपाई घरी जाऊन चौकशी करतो आणि जे गुपित होतं ते गल्लीभर होतं.

बाहेर आलेल्या व्यक्तींना नेमताना

इथे घाई केली की नुकसान त्यांचं होतं, तुमचं नाही. ज्यांचा खटला चालू आहे आणि साक्ष बाकी आहे त्यांना नेमू नका. बैठकीतलं वाक्य इतिवृत्तात जातं आणि उलटतपासणीत बचाव पक्षाच्या हाती पडू शकतं. निवारागृहात सध्या राहणाऱ्यांनाही नको, कारण तिथल्या अधीक्षिकेला नाही म्हणण्याची सोय त्यांना नसते. अशा संघटनांमार्फत संपर्क करा, ज्या त्यांनी स्वतः चालवल्या आहेत. इंडियन लीडरशिप फोरम अगेन्स्ट ट्रॅफिकिंग हे देशपातळीवरचं असं एक व्यासपीठ आहे.

निमंत्रणात हे शब्दांत यायला हवं: "तुमच्या आयुष्यात काय घडलं हे आम्ही विचारणार नाही. सुटकेनंतरची व्यवस्था कशी असावी यावर तुमचं मत हवं आहे. कारण न सांगता कधीही थांबता येईल, तोवरचं मानधन मिळेल." आणि बैठकीत कुणी "तुमची कहाणी सांगा ना" म्हणालं, तर अध्यक्षांनी तिथेच थांबवायचं. हे अध्यक्षांना आधी एकट्यात सांगून ठेवा. निवृत्त अधिकाऱ्यांना सवय असते.

ओळख लपवण्याची जबाबदारी कायद्यानेही येते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ खाली पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नऊपैकी सहांचीच नावं छापली तर उरलेले तिघे कोण हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. एकाने जरी नाव नको म्हटलं, तरी कुणाचंच छापू नका. फोटो नाहीत, व्हॉट्सॲपचा सामायिक ग्रुप नाही. निरोप प्रत्येकाला वेगळा.

आणि व्हाउचर. बहुतेक ठिकाणी गुपित फुटतं ते हिशेबाच्या कागदावर. लेखापाल सवयीने "पीडित महिला, प्रवासखर्च" असं शीर्ष टाकतो, फाइल ऑडिटला जाते, वाटेत पाचजण वाचतात. सर्वांसाठी एकच शीर्ष ठेवा, "सल्लागार मानधन", आणि रक्कमही एकच.

मानधन आणि वेळापत्रक

न्यायाधीशांना पाकीट आणि मजूर बाईला साडी, असं चालणार नाही. दर दिवसाचा, सर्वांना सारखा. एक दिवसाच्या बैठकीमागे अर्धा दिवस वाचनाचा धरा. नऊ सदस्य, वर्षात चार बैठका, म्हणजे ९ × ४ × १.५ = ५४ मानधन-दिवस; मधल्या फोन-सल्ल्यांसाठी आणखी सहा ठेवा, एकूण ६०. बाहेरगावच्यांना प्रवासाचे पैसे आगाऊ. तिकीट आणा मग देऊ म्हटलं की झाबुआहून येणारी बाई उधारीवर येते. मूल सांभाळायला कुणी लागत असेल तर तो खर्चही आपला.

पश्चिमेकडच्या सदस्यांसाठी तारखा शेतीवर आणि सणांवर बेततात. होळीआधी भगोरियाच्या, म्हणजे आदिवासींच्या हाट-जत्रांच्या, आठवड्यात माणसं गावी असतात, पण हाट सोडून इंदूरला कुणी येत नाही. पेरण्या उरकल्या की जुलै-ऑगस्टमध्ये एखादी बैठक तिकडेच नेलेली बरी.

बैठक हिंदीत घ्या. मुद्दाम सांगायचं कारण, चार मराठी माणसं जमली की चहा-पोह्यांच्या वेळी चर्चा मराठीत वळते, आणि खरे निर्णय तिथेच होतात. वाचनाचा कागद बारा पानांच्या आत, दहा दिवस आधी. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांना तोच मजकूर ध्वनिमुद्रित करून द्या.

सेवेतले अधिकारी आणि हितसंबंध

सेवेतल्या अधिकाऱ्याला त्याच्या खात्याची लेखी परवानगी लागते, तोंडी होकारावर पत्र छापू नका. नावाने नव्हे, पदाने मागा. बदली झाली तरी जागा रिकामी राहत नाही. नेमणुकीआधी प्रत्येकाकडून एक पानी निवेदन घ्या: निवारागृह चालवता का, सुटकेच्या कामासाठी अनुदान घेता का, मजूर किंवा घरकामगार पुरवणाऱ्या एजन्सीत कुणी नातेवाईक आहे का, कुठल्या चालू खटल्यात वकील किंवा तपासी अधिकारी आहात का. होकार आला म्हणून माणूस बाद होत नाही. त्या विषयावर तो माहिती देईल, शिफारस ठरताना बाहेर बसेल. मात्र निवारागृहं वाढवावीत ही शिफारस निवारागृह चालवणाऱ्यांनीच लिहिली, तर खात्यातला पहिला वाचकही ती ओळखतो.

सल्ल्याचं पुढे काय झालं

मंडळं मोडतात ती बहुधा याच जागी. एक वही ठेवा, तीन रकाने: सल्ला, निर्णय, कारण. कुठला सल्ला घेतला नाही तर कारण ३० दिवसांत त्या सदस्याला लेखी कळवा. "निधी नाही" हे कारण चालतं, मौन चालत नाही. मुदत दोन वर्षांची, पण पहिल्या वर्षअखेर चौघांची जागा चिठ्ठ्या टाकून मोकळी करा, म्हणजे पुढे नेहमी अर्धे जुने, अर्धे नवे राहतात. जाणाऱ्या सदस्याकडून त्याच्या जागेसाठी दोन नावं मागा, आणि ती नावंही त्याच अर्ध्या पानाच्या प्रकरणातून जाऊ द्या.