फॉर्म पाठवला की ४०३? आधी ‘नाही’ कोण म्हणतंय ते शोधा

पान नीट उघडतं, पण ‘सबमिट’ दाबलं की ४०३ फॉरबिडन. म्हणजे विनंती सर्व्हरला पोचली, कळली, तरी त्याने नाकारली. लॉगिनचं सत्र संपलं असेल तर सहसा ४०१ (‘आधी ओळख पटवा’) येतो किंवा लॉगिनचं पान. फोल्डरला ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळी मुभा) देऊन पाहायचा मोहही आवरा. गेट (पान मागणारी विनंती) चालतंय आणि फक्त पोस्ट (फॉर्म पाठवणारी विनंती) अडतंय, तेव्हा दोष क्वचितच तिथे असतो.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा आणि फॉर्म पुन्हा पाठवा. पोस्टची लाल ओळ निवडून रिस्पॉन्स वाचा. जँगो या पायथन फ्रेमवर्कचं ‘सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड’ (दुसऱ्याच साइटने तुमच्या नावावर फॉर्म पाठवला नाही ना, ही तपासणी फसली) आलं तर नकार ॲप्लिकेशनचा. अपाचे किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कोरडं पान असेल आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये त्या वेळची नोंदच नसेल, तर विनंती वाटेतच अडली.

नकार ॲप्लिकेशनचा असेल तर पहिला संशय टोकनवर (फॉर्म तुमच्याच साइटवरून आल्याची गुप्त खूण) घ्या. पेलोड टॅबमध्ये ‘सीएसआरएफमिडलवेअरटोकन’ दिसतं का? नसेल तर टेम्प्लेटमध्ये फॉर्मच्या आत टोकनचा टॅग लिहायचा राहिलाय. जावास्क्रिप्टने पाठवत असाल तर ते ‘एक्स-सीएसआरएफटोकन’ हेडरमध्ये घाला. टोकन असूनही ४०३ येतो? मग कुकीज टॅब बघा. जोडीची कुकीच गेली नसेल तर सर्व्हर टोकन ताडून कशाशी बघणार? साध्या एचटीटीपीवरच्या चाचणी साइटवर कुकीला ‘सिक्युअर’ लावलं की हमखास हे होतं. अख्खं पान कॅश होत असेल (साठवून सगळ्यांना तेच दिलं जात असेल) तर एकाचं टोकन दुसऱ्याला मिळतं. ही चूक सापडायला सगळ्यात चिवट, कारण ती कधी दिसते, कधी नाही.

जँगो ४.० पासून ओरिजिन हेडरही (विनंती कुठल्या साइटवरून आली ते) तपासलं जातं. प्रॉक्सीमागे (मधल्या सर्व्हरमागे) साइट असेल तर ‘सीएसआरएफ_ट्रस्टेड_ओरिजिन्स’मध्ये डोमेन ‘एचटीटीपीएस://’सकट लिहा, नुसतं डोमेन चालत नाही. जावाच्या स्प्रिंग सिक्युरिटीतही सीएसआरएफचा हा पहारा मुळातच चालू असतो. पीएचपीचं लाराव्हेल मात्र टोकन चुकलं की ४१९ देतं.

विनंती वाटेत अडत असेल तर फायरवॉल (संशयास्पद विनंत्या अडवणारी गाळणी) तपासा. त्याच फॉर्ममध्ये नुसतं ‘चाचणी’ लिहून पाठवा. ते गेलं, तर खटकतोय तो तुमचा मजकूर. तो निम्मा-निम्मा करत पाठवा. एसक्यूएलसारखं वाक्य किंवा स्क्रिप्टचा टॅग सापडेल. मॉडसिक्युरिटी ही फायरवॉल असेल तर तिच्या ऑडिट लॉगमध्ये नियमाचा क्रमांक असतो. ९४९११० दिसला तर त्यावर थांबू नका, तो फक्त संशयाच्या गुणांची मर्यादा ओलांडल्याचं सांगतो. खरा नियम त्याच विनंतीच्या आधीच्या नोंदींत असतो, उदाहरणार्थ एसक्यूएल इंजेक्शनचा ९४२१००. तेवढाच नियम, तेवढ्याच पत्त्यावरच्या तेवढ्याच फील्डपुरता वगळा. फायरवॉल अख्खी बंद करून ‘सुटलं’ म्हणू नका.

टोकन बरोबर आणि फायरवॉल शांत असेल, तर एनजिनएक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘लिमिट_एक्सेप्ट’ (ठरावीक प्रकारच्याच विनंत्या सोडणारी सूचना) शोधा. तिथे गेटखेरीज सगळ्याला ‘डिनाय ऑल’ असेल, तर पोस्ट ॲप्लिकेशनपर्यंत जाणारच नाही.