गेलेल्या पाखराचं तैलचित्र: फोटो निवडण्यापासून वार्निशपर्यंत

पाळलेला पक्षी गेल्यावर मोबाइलमध्ये त्याचे ढीगभर फोटो सापडतात. चित्राला उपयोगी पडतील असे मात्र मोजकेच निघतात. म्हणून रंग विकत आणायची घाई करू नका, आधी फोटो चाळा. देखणा फोटो शोधायचा नाही; जो पाहून घरातलं कुणीही ‘अगदी अस्साच बसायचा’ म्हणेल, तो शोधायचा. पक्ष्याची ओळख पिसांत फारशी नसते, बसण्याच्या ढबीत असते. दोन राखाडी कॉकटील (डोक्यावर तुरा असलेले छोटे पोपट) शेजारी बसवले तर रंग जवळपास सारखेच दिसतील. मान किती कलते, छाती काढून बसतो की अंग फुगवून, एक पाय पोटात घेतो का, यावरून घरचं माणूस आपला पक्षी ओळखतं. इथे उदाहरण राखाडी कॉकटीलचं घेतलं आहे, पण बजी, लव्हबर्ड असा दुसरा कुठला छोटा पोपट असो, रीत हीच.

फोटो आणि पिसं

कॉकटीलचा मूड तुऱ्यावरून कळतो. ताठ उभा असेल तर दचकलाय किंवा कशावर तरी नजर लागलीय, डोक्याला चिकटून मागे गेला असेल तर चिडलाय, थोडासा मागे कललेला असेल तर निवांत आहे. अडचण अशी, की मोबाइल तोंडासमोर आला की तुरा ताठ होतो. त्यामुळे फोटोंत दचकलेला पक्षीच जास्त सापडतो आणि चित्रातही तोच उतरतो. त्यापेक्षा जुने व्हिडिओ काढा. वाढदिवसाचा केक कापताहेत आणि मागे हा पडद्याच्या दांडीवर आपल्याच नादात आहे, असे. थांबवून थांबवून पाहा. निवांत ढब तिथे हाती लागते.

फ्लॅश मारलेला फोटो बाजूला ठेवा. त्यात सावल्या पुसल्या जातात आणि गोल अंग सपाट दिसतं. अगदी जवळून काढलेल्या फोटोत चोच मोठी आणि धड लहान होतं. खिडकीचा उजेड एका बाजूने पडलेला फोटो सगळ्यात चांगला. ढब एका फोटोतून आणि पंखांचे बारकावे दुसऱ्यातून घेतले तरी चालतं, पण उजेड मात्र एकाच फोटोतला ठेवा.

पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये, सोफ्यामागे कुठे गळालेलं पीस मिळालं तर जपून ठेवा. प्रत्येक मोबाइल राखाडी रंग निराळाच दाखवतो. पॅलेटवर, म्हणजे रंगाच्या पाटीवर, कालवलेला रंग सुरीच्या टोकावर घेऊन पिसाशेजारी धरला की तो गरम (तपकिरीकडे झुकणारा) झालाय की थंड (निळ्याकडे झुकणारा), हे लगेच कळतं.

आजोळच्या पोपटाचा एखादा कृष्णधवल फोटोच हाताशी असेल, तरी काम होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट घरात ठेवायला बंदी आहे, पण जुन्या अल्बममध्ये तो भेटतोच. त्याची चोच लाल असते. वयात आलेल्या नराच्या गळ्याला काळा-गुलाबी कंठ असतो, मादीला तसा कंठ नसतो. फोटोत कंठ दिसतो का, ते भिंगाखाली पाहा, म्हणजे रंग अंदाजाने भरावे लागणार नाहीत.

माप आणि सामान

कॉकटील शेपटीसकट साधारण ३० ते ३३ सेंटिमीटर भरतो आणि त्यातली जवळपास निम्मी शेपटीच असते. १२ × १६ इंची उभ्या कॅनव्हासवर तो खऱ्या मापात बसतो. खऱ्याहून मोठा रंगवू नका, असं माझं ठाम मत आहे. मोठा केला की लाडका पक्षी ससाण्यासारखा अंगावर येतो. डच चित्रकार कारेल फॅब्रिशियसने १६५४ मध्ये रंगवलेला पाळीव गोल्डफिंच (चिमणीएवढा एक पक्षी) नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. लाकडी फळीवरचं ते चित्र अवघं ३३.५ × २२.८ सेंटिमीटर आहे. मागे फिकट भिंत, तिच्यावर सावली, आणि जवळून पाहिलं तर सुटी पिसं जवळपास नाहीतच, रंगाचे ठसठशीत फटकारे आहेत. इंटरनेटवर त्याची मोठी प्रतिमा मिळते. ब्रश हातात घेण्याआधी ती सावकाश बघा.

रंग सहा पुरेत: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब घ्या), अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन यलो आणि कॅडमियम ऑरेंज. काळा आणूच नका. मोठ्या भागांसाठी दोन चपटे हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचे), बारकाव्यांसाठी दोन मऊ गोल ब्रश. टर्पेंटाइन, जवसाचं तेल, जुन्या सुती चिंध्या.

घरात दुसरा पक्षी असेल तर त्याच्या खोलीत टर्पेंटाइन उघडू नका. पक्ष्यांची फुप्फुसं आणि हवेच्या पिशव्या अतिशय नाजूक असतात. आपल्याला नुसता वास वाटतो तो त्यांना बाधू शकतो. बाल्कनी किंवा गच्चीवरची खोली बरी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

रेखाटन

फोटोवर आणि कॅनव्हासवर सारख्या चौकटी आखून घ्या. आधी डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच तिरकी रेघ ओढा. सगळी ढब या रेघेत असते. ती चुकली तर पुढे कितीही कोरीवकाम केलं तरी तो दुसराच पक्षी होतो. मग डोकं, धड आणि पंखाची बाहेरची कड. पायांकडे लक्ष द्या. चिमणीला तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं, कॉकटीलसकट पोपटाच्या जातीतल्या सगळ्यांना दोन पुढे आणि दोन मागे. दांडीवर बसलेला असेल तर समोरून दोनच दिसतात. सवयीने तीन काढली जातात.

पहिला थर

बर्न्ट अंबर भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळ्या कॅनव्हासवर पसरवा. उजेडाच्या जागा चिंधीने पुसून मोकळ्या करा. डोळे बारीक करून फोटो पाहिला की गडद, मधला आणि उजळ असे तीनच भाग दिसतात. तेवढेच मांडा. हा थर दोन-तीन दिवसांत वाळतो, पावसाळ्यात जास्त वेळ घेतो. पुढच्या प्रत्येक थरात तेलाचं प्रमाण थोडं वाढवत न्यायचं. खाली तेलकट आणि वर पातळ असं उलट झालं, तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात.

रंग भरताना

राखाडी रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर एकत्र करून त्यात पांढरा घालून बनवा. खिडकीकडच्या अंगाला निळा थोडा जास्त, सावलीकडे अंबर जास्त. एकाच राखाडीने सगळं अंग भरलं की पक्षी सिमेंटचा वाटतो.

चेहऱ्याचा पिवळा लेमन यलो आणि पांढऱ्याचा. त्याची सावली यलो ऑकरने आणि नखभर अंबरने करा. पिवळ्यात काळा गेला की तो हिरवा पडतो, काळा न आणण्याचं एक कारण हेच. गालावरचा नारिंगी ठिपका टिकलीसारखा कडक गोल काढू नका. पिवळा ओला असतानाच मध्ये नारिंगी ठेवा आणि कोरड्या ब्रशने कडा पिवळ्यात मिसळू द्या. पंखावरचा पांढरा पट्टा शुद्ध पांढरा नसतोच. फिकट निळसर राखाडीने भरा. निव्वळ पांढरा डोळ्यातल्या ठिपक्यासाठी राखून ठेवायचाय.

आणि चमक. कॉकटील पाळला होता त्यांनी पिंजऱ्याखालची, टीव्हीवरची पांढरी भुकटी वर्षानुवर्षं पुसलेली असते. ती त्याच्याच खास मऊ पिसांची. तीच अंगभर पसरलेली असल्याने पिसं तकतकीत दिसत नाहीत, मखमाली दिसतात. म्हणून अंगावर पांढऱ्या चकाकीचे फटकारे मारू नका.

पिसं आणि डोळा

छातीपोटावर एकही पीस सुटं काढायचं नाही. रंग ओला असताना मऊ कोरडा ब्रश पिसांच्या दिशेने हलकेच ओढा, बस्स. सुटी पिसं दाखवायची ती पंखाच्या लांब पिसांची, तीही उजेडाच्या बाजूची तीन-चार. सगळी काढलीत तर कौलारू छप्पर तयार होतं. तुऱ्याची पिसं सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने, मुळाकडून टोकाकडे, एका दमात. रेघ बिघडली तर गिरवू नका. पुसा आणि पुन्हा ओढा.

डोळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबरच्या गडद मिश्रणाने भरा. उजेड ज्या बाजूने आत शिरतो त्याच्या समोरच्या खालच्या कडेला किंचित तांबूस अंबर लावलं की बुबुळाला खोली येते. भोवती बारीक राखाडी कडा. मग उजेडाच्या बाजूला निव्वळ पांढऱ्याचा एकच ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. डोळ्याच्या बाहुलीच्या मधोमध दिलात तर पक्षी घाबरलेला वाटतो. ठिपका दिल्यावर त्या दिवशी आणखी काही करू नका. आठवडाभर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मग घरातल्या ज्याच्या खांद्यावर तो जास्त बसायचा, त्याला दाखवा. त्याने ‘मान अशी नव्हती’ म्हटलं, तर ती दुरुस्ती निमूटपणे करा.

वाळवणं आणि लावणं

हाताला कोरडं लागलं तरी रंग आतून ओलाच असतो. वार्निश किमान सहा महिन्यांनी, जाड थर असतील तर वर्षाने लावा. फ्रेमवाला लगेच काच लावून देतो म्हणाला तर नको सांगा, तैलचित्राला काच लागत नाही. चित्र कागदात गुंडाळून कपाटात ठेवू नका, अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि आधी फिकट पांढरे भाग बिघडतात. उन्हाची तिरीप येणार नाही अशी उजेडाची भिंत निवडा, स्वयंपाकघराला लागून असलेली नको. पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळेल आणि कॅनव्हासला बुरशी धरणार नाही.