एका युनिटचे ४६ डॉलर: कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज, नव्याने आलेल्यांसाठी

जोडीदाराच्या नोकरीमुळे बे एरियात आलेल्या मराठी माणसांना पहिल्या वर्षी एकच प्रश्न छळत असतो: आता माझ्या शिक्षणाचं काय? बी.कॉम., बी.एस्सी. हातात असते, बऱ्याचदा काही वर्षांच्या नोकरीचा अनुभवही असतो, आणि एच-फोर व्हिसावर, म्हणजे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, सहसा काम करायची परवानगी नसते. मास्टर्सची चौकशी केली की फीचा आकडा ऐकूनच विषय बंद होतो. मी सांगलीहून बी.कॉम. होऊन फ्रीमाँटला आले, कम्युनिटी कॉलेजमध्ये, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, शिकले आणि आज एका प्रीस्कूलमध्ये शिक्षिका आहे. ज्यांना ही वाट माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. सगळी माहिती कॅलिफोर्नियाची आहे. बाकीच्या राज्यांत फी आणि नियम वेगळे.

आपल्याकडे बारावीनंतर टक्केवारी, सीईटी आणि कटऑफ लिस्ट यांतून गेल्याशिवाय प्रवेश मिळत नाही. इथे तसलं काहीच नाही. वय १८ पूर्ण असलं किंवा हायस्कूल झालेलं असलं की प्रवेश मिळतो. कोणी मार्क विचारत नाही, प्रवेश परीक्षा नाही, मध्ये किती वर्षं घरी होतात हेही कोणी विचारत नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक मास्टर प्लॅन केला. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, मग कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू आणि सगळ्यांना खुली अशी कम्युनिटी कॉलेजेस. शिवाय या खुल्या कॉलेजांतून वरच्या दोन्हींकडे जायची सोय. आज राज्यात अशी ११६ कॉलेजेस आहेत. आपल्या लोकांच्या वस्तीजवळची म्हणजे फ्रीमाँटचं ओहलोनी, कुपर्टिनोचं डी ॲन्झा, लॉस अल्टोस हिल्सचं फूटहिल, सॅन होजेचं एव्हरग्रीन व्हॅली.

फी युनिटवर असते. युनिट म्हणजे कोर्स किती मोठा आहे ते मोजायचं माप. राज्याच्या रहिवाशाला सेमेस्टर पद्धतीच्या कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात, आणि हा दर २०१२ पासून तोच आहे. एक कोर्स साधारण ३ ते ५ युनिटांचा असतो. असोसिएट डिग्रीला ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणाची नोंदणी फी २,७६० डॉलर. डी ॲन्झा आणि फूटहिल क्वार्टर पद्धतीने, म्हणजे सेमेस्टरपेक्षा लहान सत्रांत, चालतात. तिथे युनिट लहान असतं, ३१ डॉलरचं, आणि डिग्रीला ९० लागतात. पुस्तकं, पार्किंग, हेल्थ फी वेगळी. वेळापत्रकात काही वर्गांपुढे पुस्तकांचा खर्च शून्य अशी खूण असते. शक्य तिथे तेच वर्ग घ्या, नाहीतर एखाद्या पुस्तकाची किंमत कोर्सच्या फीच्या वर जाते.

आता रेसिडेन्सीबद्दल, कारण नव्याने आलेल्यांचं सगळं गणित यावर अडतं. ४६ डॉलरचा दर कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेल्यांना, आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दाखवता येणाऱ्यांना मिळतो. एच-फोरवाल्यांना तो मिळू शकतो, एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना मिळत नाही. रहिवासी नसाल तर सेमेस्टर कॉलेजात एका युनिटला बहुतेक ठिकाणी ३०० डॉलरच्या वर मोजावे लागतात. म्हणून आल्या आल्या घराच्या भाडेकरारावर स्वतःचं नाव घाला, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी काढा, बँकेचं खातं जोडीने उघडा, राज्याचा टॅक्स रिटर्न जपून ठेवा. सगळं नवऱ्याच्या नावावर आणि बायकोच्या नावाचा एक कागद नाही, अशी घरं मी फार पाहिली आहेत. वर्षभराने ॲडमिशन ऑफिसच्या खिडकीशी त्याचाच त्रास होतो. पहिलं वर्ष मात्र वाया घालवू नका. नॉनक्रेडिट, म्हणजे युनिट न मिळणाऱ्या, वर्गांना फी नसते, इंग्रजीचे वर्ग त्यात येतात. प्रौढांसाठीच्या ॲडल्ट स्कूललाही जाता येतं.

एच-फोरवर शिकायला कसलीही आडकाठी नाही. अडतं ते पगाराच्या कामाशी. २०१५ पासून, जोडीदाराची आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेली याचिका, मंजूर झालेली असेल तर एच-फोरवाल्याला ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, मिळू शकते. अनेकजणी ती येईपर्यंत थांबून राहतात. मी उलट सांगते: ती येईल तेव्हा हातात सर्टिफिकेट तयार हवं. सरकारी मदतीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. फॅफ्सा भरून मिळणारी केंद्राची मदत एच-फोरला नाही, ग्रीन कार्ड झाल्यावर आहे.

आत शिरायला इथे कोणी अडवत नाही, म्हणूनच बाहेर कुठल्या दाराने पडायचं ते आधी ठरवावं लागतं. मला या सगळ्यात हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हा विषय बरा वाटला, तो वर्ग वेळेत बसतो, असं करत युनिट साठत जातात आणि त्यातले निम्मे शेवटी कुठेच लागू पडत नाहीत. आधी शेवटचा कागद बघायचा, कुठलं लायसन्स, कुठली डिग्री, त्याला नेमकं काय लागतं, आणि तिथून मागे मागे येत पहिल्या टर्मचे वर्ग निवडायचे. काउन्सेलरकडे याचा लेखी एज्युकेशन प्लॅन करून मिळतो, फुकट. फक्त टर्म सुरू व्हायच्या आठवड्यात त्यांच्याकडे झुंबड असते, तेव्हा महिनाभर आधी वेळ घ्या.

माझ्या क्षेत्राचं उदाहरण देते. प्रीस्कूलमध्ये शिकवण्यासाठी कॅलिफोर्नियाचं चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट असतं. त्यातल्या असोसिएट टीचर पातळीला अर्ली चाइल्डहूडचे म्हणजे बालशिक्षणाचे १२ सेमेस्टर युनिट लागतात, म्हणजे चार कोर्स, रहिवाशाला ५५२ डॉलर. बालकाची वाढ व विकास, मूल-कुटुंब-समाज आणि अभ्यासक्रमाची आखणी हे विषय त्यात हवेतच. सोबत दोन वर्षांच्या आत ५० दिवसांच्या कामाचा अनुभव, रोज किमान ३ तास. पुढची टीचर पातळी २४ युनिटांची असते. त्यावर १६ युनिट सामान्य शिक्षणाचे आणि १७५ दिवसांचा अनुभव. भारतातल्या डिग्रीचं मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन करून घेतलं तर या १६ युनिटांसाठी तिचा उपयोग होऊ शकतो. म्हणून सर्टिफिकेटं आणि मार्कशीट सांगली-साताऱ्याच्या कपाटात ठेवून येऊ नका. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायला लागणारा वेळ तर तुम्हाला ठाऊकच आहे.

या कोर्सांत शिकवतात कसं, तेही सांगते. सुरुवातीलाच निरीक्षणाचा गृहपाठ असतो. प्रीस्कूलच्या कोपऱ्यात मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसायचं, एक मूल निवडायचं आणि ते काय करतं तेवढंच लिहायचं. "ती हट्टी आहे" असं लिहिलं की प्राध्यापिका खाली रेघ मारून वही परत देतात: हे तुमचं मत झालं, तिने केलं काय? मग लिहायचं की तिने निळा ठोकळा दोन्ही हातांनी छातीशी धरला, शेजारच्या मुलाने हात पुढे केल्यावर पाठ फिरवली, आणि थोड्या वेळाने स्वतःच तो ठोकळा त्याच्यापुढे नेऊन ठेवला. असं बघता यायला वेळ लागतो. हट्टी, लाजाळू, आगाऊ हे शिक्के आपल्याकडे मुलांवर फार पटकन बसतात. ते बाजूला ठेवून मुलाकडे बघायला मी तिथे शिकले, आणि आज वर्गात रोज तेच करते.

इंग्रजीची भीती असेल तर कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये जा. तिथे कोणीतरी शेजारी बसून तुमचा निबंध वाचतं, त्याला पैसे पडत नाहीत. संदर्भ कुठून घेतला ते न लिहिणं इथे गंभीर गुन्हा मानतात, त्यामुळे ते पहिल्याच टर्मला नीट शिकून घ्या. आणि वयाची लाज अजिबात नको. संध्याकाळच्या वर्गात अठरा वर्षांची पोरं असतात, वेअरहाऊसची पाळी संपवून थेट आलेले लोक असतात आणि आजीच्या वयाच्या बाईही पहिल्या बाकावर असतात.

अकाउंटिंगवाल्यांसाठी: सीपीएला, म्हणजे आपल्या सीएसारख्या इथल्या परवान्याला, कमी पडणारे अकाउंटिंगचे युनिट बरेच भारतीय पदवीधर इथूनच भरून काढतात. पात्रतेचे नियम सध्या बदलत आहेत, तेव्हा कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीने काय सांगितलंय ते वाचून मगच वर्ग निवडा. नर्सिंगला असोसिएट डिग्रीनंतर एनसीएलईएक्स ही लायसन्सची परीक्षा देऊन आर.एन. म्हणजे रजिस्टर्ड नर्स होता येतं, पण नर्सिंगच्या जागा मोजक्या असतात आणि ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी आधी चांगल्या ग्रेडने करावे लागतात. ओहलोनीचे आरोग्याचे अभ्यासक्रम न्यूअर्कच्या कॅम्पसवर चालतात.

आता मुलांबद्दल, कारण मंडळाच्या कार्यक्रमात गप्पा शेवटी तिथेच येतात. मुलगा कम्युनिटी कॉलेजला जाणार म्हटलं की आईवडील आवाज खाली आणून सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं. यूसीमधून पदवी घेणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के आणि सीएसयूच्या पदवीधरांपैकी जवळपास निम्मे कम्युनिटी कॉलेजमधून आलेले असतात. स्टीव्ह वॉझनियॅक डी ॲन्झात शिकले, टॉम हँक्स हेवर्डच्या शाबो कॉलेजमध्ये. बर्कलीला तिसऱ्या वर्षी गेलेल्या मुलीला पदवी मिळते ती बर्कलीचीच, तिच्यावर आधीच्या दोन वर्षांचा वेगळा शिक्का नसतो. पहिल्या दोन वर्षांचं गणित आणि फिजिक्स इथे लहान वर्गात, शिकवणं हेच मुख्य काम असलेल्या प्राध्यापकांकडून मिळतं.

ट्रान्सफरसाठी असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. आपलं कॉलेज, पुढचं विद्यापीठ आणि विषय निवडला की इथला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो, ते समोरासमोर दिसतं. पहिल्या टर्मच्या आधी ते पान छापून फ्रिजवर लावा. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा यूसींत टॅग म्हणून हमीचा प्रवेश मिळतो; त्यासाठी ठरलेले कोर्स आणि जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी हवी, अर्ज सप्टेंबरमध्ये आणि सहांपैकी एकाच ठिकाणी. त्यानंतर मुख्य अर्ज वेगळा भरावा लागतोच. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो यांत टॅग नाही. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंगसारखे विषय काही कॅम्पसवर या हमीतून वगळलेले आहेत किंवा त्यांना जीपीए जास्त लागतो, हे आधीच बघून घ्या. सीएसयूला जायचं असेल तर असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर घ्या, म्हणजे तिथे साधारण दोन वर्षांचंच काम उरतं.

हायस्कूलची मुलं उन्हाळ्यात डी ॲन्झा, ओहलोनीचे वर्ग घेतात, बहुतेक कॉलेजांत त्यांना ११ युनिटपर्यंत नोंदणी फी माफ असते. फक्त ही ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते आणि पुढे प्रत्येक अर्जात दाखवावी लागते. सुट्टीत भारतात जायचं तिकीट काढलेलं असेल तर त्या उन्हाळ्यात वर्ग घेऊ देऊ नका. सहा आठवड्यांच्या कोर्समध्ये एक आठवडा बुडाला की भरून निघत नाही.

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला फी नाही. नोंदणीची तारीख ईमेलवर येते. त्या दिवशी सकाळी लवकर लॉगिन करा, नवीन विद्यार्थ्यांचा नंबर उशिरा लागतो आणि संध्याकाळचे वर्ग आधी भरतात. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला तरीही हजर राहा. न आलेल्यांची नावं प्राध्यापक बऱ्याचदा त्याच दिवशी काढतात आणि वर्गात येऊन बसलेल्यांना ॲड कोड, म्हणजे भरलेल्या वर्गात नोंदणी करायचा नंबर, देतात. तो कोड चालायची मुदत असते, त्यामुळे घरी पोहोचायची वाट न बघता फोनवरच नोंदणी करून टाका.